चीनच्या टूरचं पत्रक वाचताना

भारतीयांसाठी चीनचा टुरिस्ट व्हिसा जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला, ऑक्टोबरच्या अखेरीस थेट विमानंही उडायला लागली, आणि नौपाडा असो की वाशी, टूर कंपन्यांच्या ऑफिसांत चीनची पत्रकं परत दिसायला लागली. साचा साधारण सारखाच असतो: बीजिंग, शिआन, शांघाय, जमलं तर मध्ये गुइलिन नाहीतर झांगजियाजी, सगळं आठ-नऊ दिवसांत. जागांची यादी भरगच्च असते. कोणत्या जागी किती तास मिळणार, हे मात्र लिहिलेलं नसतं. चीनमधली स्थळं अवाढव्य आहेत, आत जायचं दार एक आणि बाहेर पडायचं दुसरंच असतं, तिकीट पासपोर्टवर आणि ठरल्या दिवसाचंच मिळतं. त्यामुळे सहल चांगली झाली की नुसती धावपळ झाली, हे तासांवरच ठरतं.

म्हणून पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारायचे प्रश्न फार नाहीत. 'व्हिजिट' लिहिलंय तिथे तिकीट काढून आत नेणार, की 'फोटो स्टॉप' म्हणून दारातूनच परत आणणार? चीनच्या भिंतीचा नेमका कोणता भाग, आणि रोपवे जाताना-येताना दोन्ही वेळा धरलाय का? शॉपिंग स्टॉप किती? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. जेड, रेशीम, चहा, मोती अशी एकेक 'फॅक्टरी व्हिजिट' दीड-दोन तास खाते आणि हे तास स्थळांच्या वेळेतूनच कापले जातात. २०१३ च्या चिनी पर्यटन कायद्यानुसार पर्यटकांवर खरेदीची सक्ती करता येत नाही, तेव्हा 'आम्ही बसमध्येच बसतो' म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण गेलेला वेळ परत मिळत नाही, म्हणून स्टॉपची संख्या आधीच लेखी घ्यावी.

बीजिंगची फॉरबिडन सिटी, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा, सोमवारी बंद असते, सार्वजनिक सुट्टीचा सोमवार सोडून. पत्रकातला बीजिंगचा दिवस कोणत्या वारी येतो ते कॅलेंडर उघडून बघा, कारण सोमवार आला तर 'बाहेरून दर्शन' एवढंच पदरी पडतं. स्वतः जाणाऱ्यांसाठी: तिकिटं सात दिवस आधी, चिनी वेळेनुसार रात्री आठला ऑनलाइन उघडतात. चीन आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे ठाण्यात बसून बुक करायचं तर संध्याकाळी साडेपाच. सुट्टीच्या हंगामात ती भराभर संपतात, म्हणून प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर आधीच टाइप करून ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४० युआन. तिआनमेन चौकासाठी वेगळं आरक्षण लागतं, ते लोक विसरतात आणि सकाळी रांगेत उभं राहिल्यावर त्यांना कळतं.

आत जायचं ते दक्षिणेच्या वूमेन दरवाजातूनच, बाहेर पडायचं उत्तरेच्या शेनवूमेनमधून किंवा पूर्वेच्या दारानं. चुकामूक झालेला माणूस सहसा उलटा फिरून वूमेनपाशी थांबतो आणि ग्रुप तोवर उत्तरेकडून बाहेर पडलेला असतो. दोन दारांत जवळपास एक किलोमीटरचं अंतर आहे. भेटायची जागा आधीच ठरवा, आणि ती उत्तरेचीच ठरवा.

१४०६ ते १४२० या काळात मिंग सम्राट योंगलनं हा राजवाडा बांधून घेतला. पुढे मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे मिळून २४ सम्राट इथे राहिले, १९२५ पासून इथे संग्रहालय आहे. गाइड बहुतेक मधल्या अक्षावरून सरळ नेतो: तीन मोठी सभागृहं, मागचे तीन महाल, बाग, संपलं. त्या चालीत दोन गोष्टींपाशी थांबा. पहिली, छपरांच्या वळलेल्या कोपऱ्यांवर ओळीनं बसवलेले छोटे प्राणी. पुढे पक्ष्यावर बसलेला एक स्वार असतो आणि त्याच्या मागचे प्राणी मोजले की इमारतीचा मान कळतो. ही संख्या सहसा विषम असते, तीन, पाच, सात, फार तर नऊ. दहा प्राणी फक्त ताइहदियानवर, म्हणजे राज्याभिषेकाच्या सभागृहावर. एकदा मोजायला लागलात की सगळा राजवाडा वाचता येतो. दुसरी, तिसऱ्या सभागृहाच्या, बाओहदियानच्या, मागच्या पायऱ्यांमधली कोरीव शिळा: एकसंध, १६ मीटरहून लांब, दोनशे टनांहून जड. अशा शिळा आणण्यासाठी हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून बर्फ करत आणि त्यावरून त्या ओढत. वाटेत त्यासाठी विहिरी खणलेल्या असत.

पूर्वेकडच्या खजिन्याच्या दालनाला वेगळं १० युआनचं तिकीट आहे आणि ग्रुप टूरमध्ये हेच हमखास गळतं. माझ्या मते ते सोडू नये. तिथेच नऊ ड्रॅगनची झिलईदार भिंत आहे. तिच्यातल्या एका पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाचा तुकडा लाकडाचा आहे, बाकी सगळं भाजलेल्या मातीचं. नीट निरखलं तर रंगाचा फरक दिसतो. सगळं धरून चार तास ठेवा. पत्रकात त्याच सकाळी तिआनमेन, फॉरबिडन सिटी आणि दुपारी टेंपल ऑफ हेवन असं असेल तर काय काय वगळलं जाणार हे समजून जा.

उत्तरेच्या दारासमोर भुयारी वाटेनं रस्ता ओलांडला की जिंगशान टेकडी, तिकीट २ युआन. खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी. १६४४ मध्ये शेवटच्या मिंग सम्राटानं इथेच गळफास घेतला. वर पोचायला पंधरा-वीस मिनिटं, आणि सगळी पिवळी छपरं एकाच नजरेत. दक्षिणेकडे बघायचं असल्यानं हिवाळ्यात सूर्य समोर येतो, हे फोटोवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आता चीनची भिंत. तिचे बरेच भाग खुले आहेत, पण टूरचा प्रश्न बादालिंग की मुतियान्यू एवढाच. बादालिंगला हायस्पीड रेल्वे थेट जाते, तिथलं स्टेशन जमिनीखाली १०२ मीटरवर आहे, म्हणून स्वतः जाणाऱ्याला ते सोयीचं. गर्दी मात्र अशी की सुट्टीच्या दिवशी भिंतीपेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. मुतियान्यू बीजिंगपासून सुमारे ७० किलोमीटर, रस्त्यानं दीड ते दोन तास. इथे झाडी दाट, बुरूज जवळजवळ, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दातेरी कठडे. निवड तुमच्या हातात असेल तर मुतियान्यू.

तिथे गोंधळ होतो तो रोपवेच्या तिकिटात. बंद डब्यांची केबल कार १४ व्या बुरुजाशी सोडते. उघड्या खुर्च्यांची चेअर लिफ्ट ६ व्या बुरुजाशी, आणि घसरगाडीनं खाली यायचं तेही त्या ६ व्याच्याच जवळून. या दोन सोयी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, एकीचं परतीचं तिकीट दुसरीला चालत नाही. ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी केबल कारचं फक्त जातानाचं तिकीट काढावं, १४ वरून ६ पर्यंत चालत यावं आणि घसरगाडीचं वेगळं तिकीट काढून उतरावं. १४ ते ६ ही वाट एकूण उताराची, रमतगमत दीड तासाची. ज्यांना जिने जमत नाहीत त्यांनी केबल कारचं दोन्हीकडचं काढून १४ च्या आसपासच फिरावं. भिंत तिथेही तेवढीच देखणी आहे. पाऊस आला की घसरगाडी बंद होते, तेव्हा आकाश भरलेलं असेल तर हा बेत आखू नका. आणि गाडीतळापासून रोपवेपर्यंत शटल बस आहे, तिचा वेळही हिशेबात धरा. 'वॉल, दोन तास' यातला पाऊण तास जाण्यायेण्यातच सरतो.

भिंतीच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, आणि उतरताना त्रास जास्त होतो. जाण्याआधी दोन महिने कचराळी तलावाला सपाटीवर फेऱ्या मारण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा इमारतीचे दहा मजले चढा आणि, मुख्य म्हणजे, उतरा. येऊरची किंवा खारघरची टेकडी त्याहून चांगली.

बीजिंगहून शिआनला विमानापेक्षा हायस्पीड रेल्वे बरी, साधारण साडेचार ते सहा तास. गाड्या बहुतेक बीजिंग वेस्टहून सुटतात. शांघायच्या बीजिंग साउथहून, दोन्हींत गल्लत करू नका. याच वाटेवर, तासा-सव्वा तासाच्या अंतरावर शिजियाझुआंग लागतं आणि आपल्या पत्रकांत ते नाव नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे विसावले आहेत. सोलापूरचा हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करत राहिला, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. शहीदांच्या उद्यानासारख्या मोठ्या स्मशानभूमीत कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्याप्रमाणेच त्यांचंही स्मारक आहे, पुतळा आहे. तिथली माणसं अजूनही फुलं ठेवतात. स्वतः आखलेल्या सहलीत सकाळची गाडी घेऊन उतरायचं, सामान स्टेशनवरच्या सामानघरात ठेवायचं, टॅक्सीनं जाऊन यायचं आणि दुपारची शिआनची गाडी पकडायची: एवढं एका दिवसात आरामात बसतं. पासपोर्ट जवळ ठेवा. पंधरा-वीस मराठी माणसांचा ग्रुप असेल तर टूरवाल्याला हे आधी सांगून बघा, मागणी झाल्याशिवाय तो स्वतःहून घालणार नाही.

रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच असतं आणि प्रवासाच्या साधारण पंधरा दिवस आधी उघडतं, अधिकृत ॲपचं नाव १२३०६. आपल्याकडे पासपोर्टात 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते गाळून बुकिंग केलं की नाव जुळत नाही. पासपोर्टवर जसं आहे तसं, पूर्ण. स्वयंचलित फाटकं आपला पासपोर्ट वाचतीलच असं नाही, कडेच्या कर्मचारी असलेल्या रांगेत उभं राहायचं. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग काही चालत नाही. स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी होते: चाकू, मोठे स्प्रेचे डबे काढून घेतात. गुडघ्यासाठी वेदनाशामक स्प्रेऐवजी मलम न्या.

शिआनचे मातीचे सैनिक शहराबाहेर सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. रेल्वे स्टेशनसमोर खऱ्या बससारख्या दिसणाऱ्या गाड्या भलत्याच, नकली प्रतिकृतींच्या जागी नेतात, तेव्हा गाडीत बसण्याआधी खात्री करा. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना पहिले तुकडे सापडले. चिन शर हुआंग हा पहिला सम्राट इसवी सनपूर्व २१० मध्ये वारला, त्याच्या कबरीचं हे रक्षक दल. एकूण अंदाजे आठ हजार पुतळे, त्यातले बरेच अजून मातीखाली. मुख्य कबर तर उघडलेलीच नाही. एक कारण तुम्हाला पुतळ्यांवरच दिसेल: हे सैनिक मुळात रंगीत होते, पण खालचा लाखेचा थर कोरडी हवा लागताच काही मिनिटांत सुकून सुटतो आणि रंगही घेऊन जातो.

हे सैनिक तीन खड्ड्यांत बघायचे असतात. पहिला खड्डा २३० मीटर लांब आहे आणि तिथल्या कठड्यापाशी रेटारेटी असते. तुम्ही वर, सैनिक खाली आणि दूर, म्हणून छोटी दुर्बीण न्या. सकाळी दार उघडता पोचलात तर थेट पहिल्या खड्ड्यात शिरा. उशीर झाला तर आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला. दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात गुडघ्यावर बसलेला तिरंदाज काचेत ठेवलाय. त्याच्या मागे जा आणि उजव्या पावलाचा तळवा बघा. बुटाच्या तळाची शिवण टाक्याटाक्यानं कोरली आहे, चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ. कोणी कधी बघणार नव्हतं त्या जागी एवढं काम. ग्रुप पहिल्या खड्ड्यात फोटो काढून परततो आणि हे राहून जातं. कांस्याचे दोन रथ आता इथे नाहीत, तेवढ्याच तिकिटात लिशान उद्यानातल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत, मोफत बस नेते. 'रथ कुठे दिसले नाहीत' ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते.

शिआनचा कोट मिंग काळातला, १३.७ किलोमीटरचा पूर्ण वळसा, माथ्यावर १२ मीटरहून रुंद. दक्षिण दरवाज्याशी सायकल भाड्यानं मिळते, पूर्ण फेरीला दीड-दोन तास. फरशी खडबडीत, त्यामुळे अर्धी फेरी करून दुसऱ्या दरवाज्याशी सायकल परत करणं चांगलं. जून-जुलैत दुपारी नको, वर सावली नाही.

आणि मोठ्या रानहंसाचा मनोरा. शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग ६४५ मध्ये भारतातून परतला, त्यानं आणलेल्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला. तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता. पुलकेशीचं राज्य, इथली माणसं उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सांगून घेणारी, असं त्यानं लिहून ठेवलंय. दगडी हत्ती असलेल्या ज्या लेण्याचं त्यानं वर्णन केलं ते अजिंठ्याचंच मानलं जातं. संध्याकाळी कारंज्यांचा खेळ बघायला तिथे गर्दी लोटते. आपण मात्र दिवसा आत जाऊन वरपर्यंत चढावं, त्याचं तिकीट वेगळं आहे.

निसर्गाच्या वाट्याला पत्रकात दोन दिवस येतात आणि तिथे गुइलिन की झांगजियाजी अशी निवड असते. दोन्ही घालू नका. आईवडील बरोबर असतील तर गुइलिन: ली नदीतून यांगश्वोपर्यंत सुमारे ८३ किलोमीटर, चार ते साडेचार तास बसून प्रवास. यांगदी गाव मागे पडलं की जेवण बाजूला ठेवून वरच्या डेकवर जा, तिथून शिंगपिंगपर्यंतचे डोंगर सगळ्यात सुंदर, २० युआनच्या नोटेमागचं दृश्यही तिथलंच. आपल्या सह्याद्रीत असे सुटे सुळके रांगांनी दिसत नाहीत, कारण आपला बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. तिथला चुनखडक किंचित आम्ल पावसानं लाखो वर्षं विरघळत गेला आणि उरले ते हे सुळके, पोटात गुहा घेऊन. हिवाळ्यात पाणी कमी झालं की बोट अर्ध्यातून वळते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या टूरमध्ये 'फुल क्रूझ' लिहिलं असेल तरी पुन्हा विचारा.

झांगजियाजी चालणाऱ्यांसाठी. तिथले तीन हजारांहून जास्त खांब वालुकाश्माचे, उभ्या भेगांत पाणी, बर्फ आणि झाडांची मुळं शिरून तुटत गेलेले. १९९२ पासून ते जागतिक वारसा आहेत. इथला शत्रू एकच, धुकं. तीन रात्री राहिलात तर एक दिवस तरी उघडा मिळण्याची आशा, एका रात्रीत तो नशिबाचा खेळ. दुसरी गल्लत: खांबांचं वुलिंगयुआन आणि आरपार भोक असलेला तियानमेन पर्वत या दोन अगदी वेगळ्या जागा. तियानमेनची ७,४५५ मीटरची केबल कार शहरातून सुटते, खांब मात्र तिथून तासाभराच्या रस्त्यावर. दोन्हींना मिळून एक दिवस दिला असेल तर एक फसणारच. खांबांच्या भागातल्या ३२६ मीटरच्या बाइलोंग लिफ्टला दुपारी लांब रांग असते, सकाळी लवकर वर जावं.

शांघायला एक संध्याकाळ पुरते. बंडवर, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावर, अंधार पडायच्या आधी पोचा, दहाच्या सुमारास दिवे मालवतात.

दिवस कोणते निवडायचे? १ ते ७ ऑक्टोबर, १ मेचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, सगळा देश घराबाहेर असतो. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर ती सुट्टी बीजिंगसाठी उत्तम, कोरडी आणि थंड हवा. मेच्या सुट्टीत १० तारखेनंतर. हाँगकाँग मधे घालून परत चीनमध्ये शिरायचं असेल तर व्हिसा डबल एंट्रीचा लागतो, आणि हाँगकाँगच्या विमानतळाबाहेर पडायला भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिकिटावर विमानतळाचा कोडही बघा, बीओएम की एनएमआय. उलव्याचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून ठाण्याहून टॅक्सी कुठे वळवायची ते त्यावर ठरतं.

पैशांची सोय घरूनच. युपीआय तिथे चालत नाही, रोख द्यायला गेलं की दुकानदार सुट्ट्यासाठी शोधाशोध करतो. अलीपे किंवा वीचॅट या चिनी पेमेंट ॲपवर आपलं व्हिसा वा मास्टरकार्डचं कार्ड जोडा, पासपोर्टची पडताळणी आणि कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर दोन्ही इथेच उरका. २०० युआनवरच्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागतं. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून सिम काढून ठेवू नका. व्हॉट्सॲप आणि गुगल हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत, आपल्या सिमच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालतात. गुगलचा नकाशा तिथे काहीशे मीटर सरकलेला दिसतो, त्याऐवजी ॲमॅप घ्या. पॉवर बँक ही नवी अडचण: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत चिनी '३सी' (सुरक्षा प्रमाणपत्राचा) छाप नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि भारतात घेतलेल्यांवर तो सहसा नसतो. विमानतळावर ती टाकून द्यावी लागते. आत विमानप्रवास असेल तर तिथेच उतरल्यावर विकत घ्या.

शाकाहारींनी नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही. भाजी चरबीत किंवा मांसाच्या रश्श्यात केलेली असते, फरसबीत खिमा असतो, सॉस ऑयस्टरचा असतो. मांस, मासे, अंडी, चरबी, रस्सा, ऑयस्टर सॉस काही नको, असं चिनीत लिहून मोबाइलवर ठेवा आणि दाखवा. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींना त्यातल्या त्यात तेच सोयीचं, पण बटाटा असतो. दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळं, भाज्या, बियाणं चीनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून पेढे नकोत. चिवडा, खाकरा आणि उपम्या-पोह्यांची पाकिटं घ्या. उकळत्या पाण्याचा नळ प्रत्येक स्टेशनवर आणि रेल्वेच्या डब्याच्या टोकाला असतो, झाकणाचा स्टीलचा डबा बरोबर ठेवला की सकाळचा नाश्ता गाडीतच होतो.